अमेरिकेत नव्याने आलेल्याला सावरून घेणाऱ्या संस्था

आपल्यापैकी बहुतेकांचं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी. काहीजण तर स्वतःच मुलांकडे राहायला गेले आहेत. फोनवर बोलताना "इथे ज्यूइश फॅमिली सर्व्हिसवाले मदत करतात", "हायसकडे विचारून बघा" अशी नावं कानावर पडतात. पण ही मंडळी कोण, ती कुणाला मदत करतात, आणि आपल्याला करतील की नाही, हे नीट बसून कुणी सांगत नाही. ते या लेखात सांगायचा विचार आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेत 'रेफ्युजी' म्हणजे निर्वासित म्हणून येणारा आणि 'इमिग्रंट' म्हणजे आपखुशीने, व्हिसा घेऊन येणारा, या दोघांत कायद्याने मोठा फरक केलेला आहे. आपली बेने इस्राएल माणसं जवळजवळ सगळी दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे जी मदत सगळ्यांनाच मिळते असं वाटतं, ती पुष्कळदा आपल्यासाठी नसते. हे ठाऊक नसल्यामुळे वयस्कर माणसांची फार ओढाताण होते.

एलिस बेटावरचे दिवस

१८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर तिथल्या ज्यूंवर हल्ले सुरू झाले. पुढच्या चाळीसएक वर्षांत पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले. सुरुवातीला त्यांना ठेवायला न्यू यॉर्कजवळच्या वॉर्ड्स बेटावर निवारा उघडला होता. एमा लाझारस ही कवयित्री, जिची कविता पुढे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर लावली गेली, ती सेफार्डी घराण्यातली, खाऊनपिऊन सुखी. पण ती या निवाऱ्यात जाऊन लोकांची विचारपूस करायची आणि त्यांना काही हुन्नर शिकवावा म्हणून खटपट करायची.

१८९२ पासून येणाऱ्यांची तपासणी एलिस बेटावर होऊ लागली. बोटीतून उतरलेला माणूस आधी डॉक्टरसमोर जायचा, मग अधिकाऱ्यासमोर. भाषा येत नाही, खिशात पैसे नाहीत, मूल तापाने फणफणलेलं. 'हा माणूस सरकारवर ओझं होईल' असं अधिकाऱ्याला वाटलं की त्याला परत बोटीत बसवायचे. अशा वेळी बाजूला उभं राहून त्याच्या भाषेत समजावणारं कुणीतरी लागतं. हे काम हायसने अंगावर घेतलं. हायस म्हणजे हिब्रू इमिग्रंट एड सोसायटी. १९०४ साली तिचं कार्यालय एलिस बेटावरच सुरू झालं. तिची माणसं दुभाषाचं काम करायची, परत पाठवायचं ठरलेल्यांची बाजू चौकशी मंडळासमोर मांडायची, हमीपत्र मिळवून द्यायची. बेटावर उतरताना जवळ २५ डॉलर दाखवावे लागत. ज्याच्याकडे नसत त्याला तेवढे उसने द्यायची. १९०९ मध्ये ही संस्था आणि नव्याने आलेल्यांना रात्रीचा आसरा देणारी एक जुनी संस्था एकत्र झाल्या.

१९११ साली बेटावर काशेर स्वयंपाकघर सुरू झालं. काही लोकांना तिथे कित्येक दिवस अडकून पडावं लागे, आणि काशेर नाही म्हणून धर्म पाळणारे कितीतरी जण ताटाला हात लावत नसत. उपाशी माणूस अशक्त दिसणार, आणि अशक्त माणसाला डॉक्टर पुढे सोडणार नाही. म्हणजे गरम काशेर जेवणाची सोय ही नुसती सोय नव्हती. १९२५ ते १९५२ या काळात या स्वयंपाकघरातून पाच लाखांहून जास्त जेवणं दिली गेली.

१९२१ मध्ये हायसने मॅनहॅटनच्या लाफायेट स्ट्रीटवरची जुनी अ‍ॅस्टर लायब्ररीची इमारत घेतली. तिथे झोपायची सोय, काशेर जेवण, इंग्रजीचे वर्ग, प्रार्थना, सगळं एका छपराखाली. आज तिथे पब्लिक थिएटर आहे. नातवंडं ज्या 'हॅमिल्टन' नाटकाची गाणी म्हणत असतात ते २०१५ साली पहिल्यांदा याच इमारतीत रंगमंचावर आलं.

वाचताना आपल्याला आपलेच वाडवडील आठवतील. अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूडहून मुंबईत आलेला पोरगा सॅम्युअल स्ट्रीटच्या आसपास कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकायचा. तो ओळखीने रेल्वेत, पोस्टात नाहीतर गिरणीत चिकटायचा, आणि शब्बाथला सिनेगॉगमध्ये गेला की चार घरची आमंत्रणं घेऊन परतायचा. तिथे हे काम नातेवाईक करत. अमेरिकेत माणसं इतकी आली की त्याची संस्थाच करावी लागली.

बिनव्याजी कर्ज आणि दफनाची जागा

हायसइतकं नाव न झालेली, पण माझ्या मते तितकीच मोलाची संस्था म्हणजे हिब्रू फ्री लोन सोसायटी. १८९२ साली न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये काही जणांनी मिळून ९५ डॉलर गोळा केले आणि बिनव्याजी कर्ज द्यायला सुरुवात केली. पाच डॉलर, दहा डॉलर, पंचवीस डॉलर. त्यातून कुणी हातगाडी घ्यायचा, कुणी शिवणयंत्र. आपल्या भावाकडून व्याज घेऊ नये ही तोराची आज्ञा, तिचा त्यांनी व्यवहार केला. भीक नाही, दान नाही. घ्यायचं, कामाला लावायचं आणि परत करायचं. परत आलेला डॉलर दुसऱ्याच्या हातात. ओळखीच्या दोन माणसांनी जामीन राहायचं, एवढीच अट. ही संस्था आजही चालू आहे आणि तशाच दुसऱ्या संस्था अमेरिकेतल्या इतर शहरांत आहेत. आपल्याकडच्या भिशीसारखं म्हणावं तर भिशीत आपला नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, इथे गरज सांगितली की पुरे.

गावकऱ्यांची मंडळंही पुष्कळ होती. एकाच गावाहून आलेले लोक एकत्र येऊन वर्गणी काढत. आजारपणात घरी चार पैसे पोहोचवत, डॉक्टर ठरवून ठेवत, आणि सगळ्यात आधी दफनभूमीत एकत्र जागा घेऊन ठेवत. परक्या देशात आपल्याला कोण पुरेल, ही धास्ती केवढी मोठी असते हे ज्येष्ठ वाचकांना वेगळं सांगायला नको. न्यू यॉर्कच्या जुन्या ज्यू दफनभूमींत पोलंड-रशियातल्या गावांची नावं कोरलेल्या कमानी दिसतात, त्या या मंडळांच्याच.

दार बंद झालं तेव्हा

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोटा ठरवला आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची वाट जवळजवळ बंद केली. पुढे १९३९ मध्ये 'सेंट लुइस' ही बोट ९३७ प्रवासी घेऊन जर्मनीहून निघाली. बहुतेक सगळे ज्यू. क्यूबाने उतरू दिलं नाही, अमेरिकेने किनाऱ्याला लागू दिलं नाही. बोट युरोपात परतली आणि त्यातली २५४ माणसं पुढे नाझींच्या हातून गेली. मदत करणाऱ्या संस्था होत्या, पैसा होता, जामीन राहणारे होते. कायद्याचं दार बंद होतं. संस्था कितीही चांगली असली तरी ती दाराच्या आतलं काम करते, हे लक्षात ठेवायला हवं.

त्याच सुमारास मुंबईतही हे काम चालू होतं. जर्मनी आणि ऑस्ट्रियाहून निसटलेल्या ज्यूंसाठी १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. आलेला माणूस सरकारवर बोजा होणार नाही, याची हमी ही संस्था घ्यायची. म्हणजे एलिस बेटावरचाच प्रश्न आणि तेच उत्तर. त्या वर्षी मुंबईत आलेल्यांपैकी वॉल्टर काउफमान हे एक. आकाशवाणीची सकाळची ती धून, जी ऐकत आपण शाळेची तयारी करायचो, ती यांची. पुढे हे अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठात संगीत शिकवू लागले.

युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार ज्यू अमेरिकेत आले. न्यू यॉर्कमध्ये उतरणाऱ्यांसाठी १९४९ साली 'न्याना' म्हणजे न्यू यॉर्क असोसिएशन फॉर न्यू अमेरिकन्स ही संस्था निघाली. घर, नोकरी, इंग्रजी, मुलांची शाळा, सगळं ती बघायची. १९७० नंतर सोव्हिएत रशियाने ज्यूंना सोडायला सुरुवात केली. माणसं व्हिएन्ना, मग रोमजवळच्या लादिस्पोली गावी थांबत थांबत अमेरिकेला पोहोचू लागली, तेव्हा न्यानाचं काम फार वाढलं. ब्रुकलिनच्या ब्राइटन बीचला आज रशियन पाट्या दिसतात त्या तेव्हापासूनच्या. रशियातून यायचे ते बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, संगीत शिक्षक. पण इंग्रजीचा पत्ता नाही. पन्नाशीतल्या इंजिनिअरला पुन्हा बाकावर बसवून अ-आ-ई शिकवायचं, हे सोपं काम नव्हे. येणाऱ्यांची संख्या घटल्यावर २००८ मध्ये न्यानाने आपलं काम थांबवलं. संस्था संपली याचं कुणाला वाईट वाटलं असेल, पण गरज संपल्यावर दार लावून घेणारी संस्था मला तरी फार आदराची वाटते.

पहिले नव्वद दिवस

आज निर्वासितांची व्यवस्था १९८० च्या रेफ्युजी अ‍ॅक्टप्रमाणे चालते. १७ मार्च १९८० ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून लोंढे येत होते. त्या एका वर्षात २ लाखांहून जास्त निर्वासित अमेरिकेने घेतले. या कायद्याने एक पद्धत घालून दिली. निवड सरकार करणार, पैसा बराचसा सरकार देणार, पण माणसाला विमानतळावर घ्यायला जाण्यापासूनचं काम ठरावीक स्वयंसेवी संस्था करणार. त्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या संस्था आहेत, कोणत्याही धर्माशी न बांधलेली इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी आहे, आणि ज्यूंची हायस आहे. हायस स्वतः सगळीकडे नसते. गावोगावच्या ज्यूइश फॅमिली सर्व्हिससारख्या संस्था तिच्या वतीने काम बघतात.

ठरलेली मुदत नव्वद दिवसांची. संस्थेचा माणूस विमानतळावर हजर राहतो. घर आधीच भाड्याने घेऊन ठेवलेलं असतं आणि त्यात काय काय हवं याची यादीच असते. माणशी एक अंथरूण, माणशी एक ताट-पेला-चमचा, टॉवेल, साबण, आणि चक्क गजराचं घड्याळ. अमेरिकेत कामावर वेळेवर पोहोचायला हवं ना! पहिल्या रात्री त्या माणसाच्या सवयीचं, तयार जेवण घरात असलंच पाहिजे, असाही नियम आहे. मला हा नियम फार आवडतो. सोमालियाच्या माणसाला पहिल्या रात्री सँडविच नाही. त्याला भात किंवा त्याच्या पद्धतीची भाकरी.

मग सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज, डॉक्टरी तपासणी, मुलांना शाळेत घालणं, बसने कसं जायचं ते सोबत जाऊन दाखवणं, इंग्रजीच्या वर्गात नाव आणि शक्य तितक्या लवकर नोकरी. विमानाचं भाडंसुद्धा फुकट नसतं बरं का. ते बिनव्याजी कर्ज म्हणून दिलेलं असतं आणि निर्वासित काही महिन्यांनी हप्त्याहप्त्याने फेडू लागतो. वर्षभराने ग्रीन कार्डचा अर्ज, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा.

नव्वद दिवस पुरतात का? तरुण, धडधाकट, थोडं इंग्रजी येणाऱ्याला कदाचित पुरतात. सत्तरीच्या बाईला नाही पुरत. ज्या संस्था नव्वद दिवसांनंतरही फोन उचलतात, त्या आपल्या वर्गणीदारांच्या आणि सिनेगॉगच्या मंडळींच्या जोरावर उचलतात.

हायस आता ज्यूंपुरती राहिलेली नाही. १९७५ मध्ये व्हिएतनामी निर्वासितांना मदत केली तेव्हापासून तिच्याकडे सर्व धर्मांची माणसं येतात. पूर्वी ते ज्यू होते म्हणून आम्ही मदत करायचो, आता आम्ही ज्यू आहोत म्हणून करतो, असं त्यांच्यात बोललं जातं. इराणमधले ज्यू, बहाई, ख्रिस्ती आणि जरथुष्ट्री यांना व्हिएन्नामार्गे अमेरिकेत आणायचं कामही कित्येक वर्षं हायसने केलं. या कामाची किंमतही मोजावी लागली आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शब्बाथच्या सकाळी, पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये एकाने गोळीबार करून ११ जणांना मारलं. त्याआधी त्याने हायसविरुद्ध विष ओकलं होतं. त्या इमारतीत प्रार्थना करणाऱ्या मंडळ्यांपैकी दोर हदाश या मंडळीने हायसच्या निर्वासित-शब्बाथमध्ये भाग घेतला होता.

२०२१ मध्ये अफगाणिस्तानातून एकदम सत्तर हजारांवर लोक आले तेव्हा या संस्थांची फार धावपळ झाली. २०२३ मध्ये सरकारने पाच शेजाऱ्यांनी मिळून एका निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घ्यायची योजनाही आणली. जानेवारी २०२५ मध्ये मात्र निर्वासितांना घेणंच जवळजवळ पूर्ण थांबवलं गेलं आणि सरकारी पैसा अडल्याने या संस्थांना कामं आणि माणसं कमी करावी लागली. १९२४ नंतरचे दिवस आठवतात, एवढंच म्हणतो.

म्हाताऱ्या माणसाची परीक्षा

आता ज्येष्ठांचा खास प्रश्न. अमेरिकेत एसएसआय नावाची मदत आहे: पासष्टीच्या वरच्या किंवा अपंग, हाताशी काही नसलेल्या माणसाला दरमहा थोडी रक्कम. रशियाहून आलेल्या कितीतरी आजी-आजोबांचं घर या रकमेवर चालायचं. १९९६ साली क्लिंटन यांच्या काळात कायदा बदलला. त्यानंतर आलेल्या निर्वासितांना ही रक्कम ठरावीक वर्षंच मिळणार असं ठरलं. पुढे ती मुदत सात वर्षांची झाली. सात वर्षांत नागरिक झालात तर ठीक, नाहीतर पैसे बंद.

नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनी करता येतो. म्हणजे हातात दोन वर्षं. अर्ज कचेरीत पडून राहायचे. आणि परीक्षा इंग्रजीत! एक वाक्य वाचून दाखवायचं, एक लिहायचं, देशाचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांवरचे प्रश्न तोंडी. वयस्करांना इंग्रजीतून सूट आहे, पण ती कुणाला? पन्नाशी उलटली आणि ग्रीन कार्डवर वीस वर्षं झाली, किंवा पंचावन्न उलटली आणि पंधरा वर्षं झाली, त्याला. जो अडुसष्टाव्या वर्षी आला तो पंधरा वर्षं कुठून आणणार? त्र्याऐंशीव्या वर्षी सूट घेईल? विसराळूपणा किंवा मेंदूचा आजार असेल तर डॉक्टरचा दाखला जोडून परीक्षाच माफ होऊ शकते, पण तो दाखला नीट भरणारा डॉक्टर मिळायला हवा. २००३ नंतर हजारो म्हाताऱ्या आणि अपंग निर्वासितांचे पैसे खरोखर बंद झाले. २००८ मध्ये संसदेने दोन वर्षांची वाढ दिली, तीही तात्पुरती.

या काळात ज्यू संस्थांनी जे काम केलं त्याला तोड नाही. सिनेगॉगच्या तळघरात, वृद्धांच्या केंद्रात, कुणाच्या घरच्या टेबलावर नागरिकत्वाचे वर्ग भरायचे. शिकवणारे पुष्कळदा निवृत्त शिक्षक, बिनपगारी. थरथरत्या हाताने एकेक अक्षर गिरवणारी मंडळी. संध्याकाळी सही-शिक्क्यासाठी वकील. बंद झालेली मदत परत मिळवून देण्यासाठी कोर्टात जाणं. विमानतळावर फुलं घेऊन उभं राहणं फोटोत चांगलं दिसतं. पण माणूस आल्यावर सहा वर्षांनी त्याच्या अर्जाची तारीख लक्षात ठेवणारा माणूस, तो खरा आधार.

आपली माणसं कुठे बसतात

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नवा कायदा केला, जुना कोटा गेला आणि भारतातून शिकलेल्या माणसांना वाट मिळाली. त्यानंतर आपले लोक अमेरिकेत गेले ते डॉक्टर, नर्स, इंजिनिअर, हिशेबनीस म्हणून, काही थेट मुंबई-पुणे-अहमदाबादहून आणि काही इस्राएलमार्गे. त्यांना घ्यायला विमानतळावर कुणी संस्था आली नाही. आला तर एखादा चुलतभाऊ. स्थानिक सिनेगॉगमध्ये गेलं तर "तुम्ही भारतीय, मग ज्यू कसे?" हा प्रश्न, आणि मराठी मंडळात गेलं तर "तुमचं नाव डेव्हिड, मग मराठी कसे?" हा. दोन्हीकडे उत्तर देता देता माणसं जमली. न्यू यॉर्कमध्ये इंडियन ज्यूइश काँग्रिगेशनच्या नावाने सणावाराला आपल्या सुरांत प्रार्थना होते. एलियाहू हन्नाबीचा मलिदाही कुणाच्या घरी होतोच. पोहे न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळतात, ओला नारळही मिळतो, काळजी नाही.

पण म्हाताऱ्या आईवडिलांचं काय? मुलगा नागरिक झाला की तो आईवडिलांना ग्रीन कार्डवर बोलावू शकतो. त्यांच्यासाठी रांग नाही. त्यासाठी तो एक हमीपत्र लिहून देतो, अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. यांचा खर्च मी करीन, सरकारवर पडू देणार नाही, असं त्यात असतं, आणि ते कायद्याने बांधणारं असतं. म्हणून वर सांगितलेली निर्वासितांची मदत, एसएसआय वगैरे, अशा आईवडिलांना नागरिक होईपर्यंत जवळजवळ नसतेच. औषधपाण्यासाठीची मेडिकेअर पासष्टीनंतर, ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर घेता येते, पण स्वतः किंवा जोडीदाराने तिथे पुरेशी वर्षं नोकरी करून कर भरलेला नसेल तर हप्ता भरावा लागतो आणि तो चांगलाच मोठा असतो. पहिली पाच वर्षं खाजगी विमा. जाण्याआधी मुलांशी हे स्पष्ट बोलून घ्यावं. लाजू नये.

दुसरं, आपल्याकडे पुष्कळजण ग्रीन कार्ड घेऊन थंडीचे महिने ठाण्याला काढतात. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा हिशेब मोडू शकतो. वर्षाच्या वर गेलं तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. घरचं लग्न असो की दुखणं, तारखा मोजून जावं.

मग आपल्यासाठी आहे तरी काय? आहे, पण विचारावं लागतं. ज्यूइश फॅमिली सर्व्हिसच्या कितीतरी सेवा निर्वासितांपुरत्या नसतात: घरी येऊन विचारपूस, डॉक्टरकडे न्यायला गाडी, कागदपत्रांचा सल्ला. अमेरिकेत १९६५ पासून ज्येष्ठांसाठी एक कायदा आहे. त्याच्याखाली चालणाऱ्या केंद्रांत साठीच्या पुढच्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता दुपारचं जेवण मिळतं. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये साउथ एशियन कौन्सिल फॉर सोशल सर्व्हिसेस ही संस्था २००० सालापासून आपल्या भागातल्या लोकांना फॉर्म भरायला, विमा घ्यायला मदत करते. तिच्या शिधाकेंद्रात डाळ-तांदूळही असतो. २००७ साली निघालेलं इंडिया होम भारतीय ज्येष्ठांसाठी केंद्रं चालवतं. जेवणाची मात्र गंमत आहे. ज्यू संस्थेचा डबा काशेर असतो पण त्यात तिखट नाही. देशी केंद्रात तिखट असतं पण काशेर नाही. आमच्या नात्यातल्या एक आजी देशी केंद्रात जाऊन फक्त वरणभात आणि भाजी खातात आणि शुक्रवारी मुलीकडून नारळाच्या दुधातली कोंबडी करून घेतात.

कुठल्याही गावातून २११ हा नंबर फिरवला तर जवळ कोणती मदत आहे ते सांगतात. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयात फोनवरचा मराठी दुभाषी फुकट मागता येतो, मागा. पोटाचं दुखणं बारा वर्षांच्या नातवाकरवी डॉक्टरला सांगायची वेळ कुणावर येऊ नये. आणि फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला पैसे देऊ नयेत. वकील तरी असावा, नाहीतर अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेचा माणूस. अशा संस्था कमी फीमध्ये काम करतात. नियम मात्र दर सरकारागणिक बदलतात. २०२५ च्या नव्या कायद्याने निर्वासितांची शिध्याची मदतसुद्धा ग्रीन कार्ड मिळेपर्यंत काढून घेतली. नागरिकत्वाच्या परीक्षेतही ऑक्टोबर २०२५ पासून दहाऐवजी वीस प्रश्न झाले. पासष्टी उलटलेल्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्ड असलेल्यांना पूर्वीसारखे दहाच आणि सोप्या छोट्या यादीतले. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्याचं कसं झालं यावर विसंबू नये.

शेवटी नावाचा घोटाळा, कारण आपल्या समाजात तो घरोघरी आहे. थोरल्या भावाच्या पासपोर्टवर बापाचं नाव आडनाव म्हणून, धाकट्याच्या पासपोर्टवर गावाचं. एक सॅम्युअल मोझेस, दुसरा डॅनियल पेणकर, आणि आई शाळेच्या दाखल्यात सारा तर केतुबात सारोबाई. अमेरिकन कचेरीला ही एकाच घरची माणसं आहेत हे पटायला वेळ लागतो. जुन्या लोकांचा जन्मदाखला नसतोच. अशा वेळी नगरपालिकेकडून नोंद नसल्याचं पत्र घ्यावं आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि सिनेगॉगच्या नोंदवहीतला उतारा जोडावा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र इथे असतानाच करून ठेवावं. इथे ते एका सकाळचं काम आहे. तिकडून करायचं म्हटलं तर आधी दूतावासाची वेळ घ्या, मग मुलाची रजा, मग तीन तासांचा गाडीचा प्रवास.